उशिरा पोचणारी टाळी

‘वी विल रॉक यू’ न ऐकलेला माणूस शोधूनही सापडायचा नाही. क्वीन या बँडचं नाव ठाऊक नसेल, रॉक संगीताशी काही देणंघेणं नसेल, तरी क्रिकेटच्या मैदानावर नाहीतर कॉलेजच्या गॅदरिंगला दोनदा पाय आणि एकदा टाळी हा ठेका त्यानं कधी ना कधी धरलेलाच असतो. आता मूळ रेकॉर्ड हेडफोन लावून ऐका आणि सांगा, किती माणसं पाय आपटतायत? हजार? पाच हजार?

मूठभर! १९७७ साली उत्तर लंडनमधल्या वेसेक्स स्टुडिओत, चर्चच्या एका जुन्या इमारतीत, बँडची मंडळी आणि हाताशी असलेली काही माणसं लाकडी फळ्यांवर पाय आपटत होती, बस्स. ड्रम नाही, बेस नाही. गिटारसुद्धा अगदी शेवटी येते. मग ती अफाट गर्दी आली कुठून? ती गिटारवादक ब्रायन मेनं गणितानं उभी केली. कशी ते कळलं, की क्वीनच्या रेकॉर्ड आणि त्यांचे मंचावरचे कार्यक्रम दोन्ही वेगळ्याच कानांनी ऐकू यायला लागतात.

ठिणगी पडली त्याच वर्षी, स्टॅफर्डजवळच्या बिंगली हॉलमध्ये. कार्यक्रम संपला, बँड आत गेला, तरी लोक जागचे हलेनात. सगळे मिळून गायला लागले, आणि तेही क्वीनचं नव्हे, तर फुटबॉलच्या मैदानावर गातात ते ‘यू विल नेव्हर वॉक अलोन’! मेच्या मनात प्रश्न आला: इतक्या दाटीवाटीत उभ्या असलेल्या माणसाला करता येण्यासारखं काय उरतं? नाचायला जागा नाही. पण पाय आपटता येतात, टाळी वाजवता येते, गाता येतं. दुसऱ्या दिवशी जाग आली तेव्हा ठेका डोक्यात तयार होता.

पण हजारोंसाठी रचलेलं गाणं रिकाम्या खोलीत रेकॉर्ड कसं करायचं? एकच टाळी शंभर वेळा एकावर एक चढवली तर? तर एक प्रचंड टाळी ऐकू येते, गर्दी नव्हे. कारण गर्दी पसरलेली असते आणि आवाजाला पोचायला वेळ लागतो. हवेत तो सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे ३४ मीटरवरच्या माणसाची टाळी आपल्यापर्यंत एक दशांश सेकंद उशिरा येते. गणपतीत एखाद्या मोठ्या मंडळाच्या आरतीला डोळे मिटून उभे राहा. शेजारच्याची टाळी कडक लागते, मागच्या रांगेतली जराशी मागे पडते, मंडपाच्या तोंडाशी उभे असलेले तर सगळे मिळून नुसती सळसळ होऊन पोचतात. या बारीकसारीक उशिरांवरूनच आपला मेंदू क्षणात ताडतो की माणसं भरपूर आहेत आणि लांबवर पसरलीत.

मेनं नेमके हे उशीरच टेपवर तयार केले. प्रत्येक टाळीच्या अनेक प्रती, प्रत्येक प्रत वेगळ्या अंतरावरून आल्यासारखी किंचित मागे सरकवलेली. घुमारा मात्र चढवला नाही, कारण घुमारा खोलीचा असतो, गर्दीचा नसतो. आणि आता खरी करामत पाहा. समजा हे उशीर २०, ४०, ६०, ८० मिलिसेकंद असे ठेवले. मग त्यांच्यात सारखं अंतर पडतं, कान तो नियम लगेच पकडतो आणि ऐकू येतो तो प्रतिध्वनी, यंत्रातून आल्यासारखा. म्हणून मेनं कशाचा आधार घेतला असेल? मूळ संख्यांचा! ज्यांना १ आणि स्वतःखेरीज दुसऱ्या कशानं भाग जात नाही, त्या शाळेतल्या ११, २३, ३७, ५९ अशा संख्या. असे उशीर एकमेकांच्या पटीत बसत नाहीत, कानाला धरायला नियमच सापडत नाही, आणि नियम नाही म्हटल्यावर मेंदू म्हणतो, ही माणसंच असणार. दोन मिनिटांच्या गाण्यात, कुणाला पत्ता लागू न देता, अंकगणित बसलेलं आहे!

हे त्याला सुचलं यात नवल कमीच. बँड नावारूपाला येण्याआधी तो लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये सूर्याभोवतीच्या धुळीवर संशोधन करत होता. ते अर्धवट टाकून तो गिटारकडे गेला आणि तीसेक वर्षांनी परतून २००७ साली त्यानं पीएच.डी. पुरी केली.

उशिराचा हा खेळ तो मंचावर तर कितीतरी आधीपासून खेळत होता. १९७४ च्या ‘ब्रायटन रॉक’मधली त्याची एकट्याची गिटार ऐका. टेपच्या यंत्रात आवाज एका हेडवर नोंदला जातो आणि पुढच्या हेडवर वाजतो. मेनं यंत्रात फेरफार करून ही दोन हेडं एकमेकांपासून खूप लांब नेली, म्हणजे वाजवलेला सूर चांगला रेंगाळून परत येणार. तो दुसऱ्या अँप्लिफायरमधून यायचा, आणखी उशिरानं तिसऱ्यातून. आधीचा सूर परत येईपर्यंत मे त्याच्याशी जुळणारा पुढचा सूर छेडायचा. एक माणूस, एक गिटार, आणि समोरच्याला ऐकू येतात तीन! ती गिटारही त्यानं आणि त्याच्या वडिलांनी घरी बनवलेली. तिची मान जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाची, आणि तारा छेडायला प्लेक्ट्रम नव्हे, सहा पेनीचं नाणं. ‘नाऊ आयम हिअर’ मंचावर गाताना बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरीनंही अशीच युक्ती गळ्यासाठी वापरली: मागे राहिलेल्या स्वतःच्याच आवाजाबरोबर गायचं. यात क्षणाचाही तोल गेला तर सगळाच विचका. म्हणून ही गाणी मला मंचावरचीच आवडतात, रेकॉर्डवर हा धोका ऐकू येत नाही.

प्रत्येक रेकॉर्ड मंचावर नेता येते असं मात्र नाही. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ घ्या. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पियानो शिकलेल्या फ्रेडीचं हे गाणं १९७५ च्या ऑक्टोबरअखेर बाहेर आलं. मधल्या ऑपेराच्या भागात जो भलामोठा गायकवृंद ऐकू येतो, तो फ्रेडी, मे आणि ड्रमवादक रॉजर टेलर या तिघांचाच. २४ ट्रॅकची टेप आवाजांनी भरायची, ते सगळे आवाज एक-दोन ट्रॅकवर उतरवायचे, रिकाम्या झालेल्या जागेत पुन्हा तिघांनी गायचं, पुन्हा उतरवायचं. दिवसचे दिवस हेच. टेपवर आवाज धरून ठेवणारा लोहभस्माचा थर असतो, तो दर फेरीला हेडवर थोडा थोडा घासला जातो. मे सांगतो की ती टेप उजेडाकडे धरली तर आरपार दिसायला लागलं होतं!

आता हे बँडच्या चौघांनी मंचावर कसं गायचं? गाता येणारच नाही. ओठ हलवून गाण्याचं सोंगही त्यांनी आणलं नाही. ऑपेराचा भाग आला की दिवे मालवायचे, चौघांनी मंच सोडून जायचं, टेप वाजू द्यायची, आणि कडक रॉकचा तुकडा सुरू होताच झगझगाटात पुन्हा मंचावर उसळायचं. पुष्कळांना ही पळवाट वाटते. मला मात्र तो रॉकच्या इतिहासातला अत्यंत सचोटीचा निर्णय वाटतो. जे हातांनी वाजत नाही, ते वाजवतोय असं दाखवायचं नाही! ‘लाइव्ह एड’ या मदतनिधीच्या कार्यक्रमात तर त्यांनी तो भाग गाळलाच. सुरुवातीचं संथ गाणं, मेची गिटार, आणि तिथून थेट ‘रेडिओ गा गा’.

आणि तिथं काय घडलं! १३ जुलै १९८५, लंडनचं वेम्बली, सुमारे ७२ हजार माणसं. ‘रेडिओ गा गा’च्या व्हिडिओतली दुहेरी टाळी सगळ्यांना पाठ. चित्रफीत थांबवत थांबवत पाहा. हात एकदम वर जात नाहीत, ते मंचापासून मागे लाटेसारखे उठत जातात. शंभर मीटरवरच्या माणसाला ठेकाच तीन दशांश सेकंद उशिरा ऐकू येतो आणि त्याची टाळी मंचावर परतायला आणखी तेवढाच वेळ लागतो. तोवर गाणं पुढच्या मात्रेवर गेलेलं. ७२ हजार लोक चुकीच्या जागी टाळ्या देत असताना लय न सोडता गायचं म्हणजे काय, याचा विचार करा! आठ वर्षांपूर्वी मेनं स्टुडिओत हिशेबानं रचलेली ती पसरट, मागून ओघळत येणारी टाळी तिथं हाडामांसाच्या माणसांकडून येत होती.

गर्दीनं रेकॉर्डवर मात केली असं एक गाणंही आहे: ‘लव्ह ऑफ माय लाइफ’. रेकॉर्डवर पियानो आहे, मेनं एकेक झंकार टिपत जोडलेला हार्प आहे, फ्रेडीच्या आवाजाचे थर आहेत. मंचावर यातलं काही उरलं नाही, फक्त बारा तारांची गिटार आणि फ्रेडी. पुढे फ्रेडीही गप्प राहायला लागला, कारण लोकच गात होते. १९८१ साली साओ पाउलोच्या मोरुम्बी मैदानावर १ लाख ३१ हजारांनी, ज्यांची भाषा पोर्तुगीज, इंग्रजी गाणं म्हटलं. १९७९ च्या ‘लाइव्ह किलर्स’वर हे गाणं आहे, ते ऐकल्यावर मूळ रेकॉर्ड मला नटलेली वाटते.

सगळ्यात उत्तम कार्यक्रम कोणता, यावर चाहते हमरीतुमरीवर येतात. बहुतेकांचं मत १९८६ च्या वेम्बलीला. माझं १९८१ च्या नोव्हेंबरातल्या माँट्रियलला, आणि मी ते बदलणार नाही. वेम्बलीत मदतीला पाचवा वादक होता, माँट्रियलमध्ये चौघंच. ‘वी विल रॉक यू’ त्या रात्री दोनदा येतं. पहिल्यांदा भरधाव, आणि शेवटाकडे आपल्या ओळखीच्या चालीत. पण तो कार्यक्रम ऐकायचा तो ‘समबडी टू लव्ह’साठी. १९७६ च्या रेकॉर्डवर तिघांच्या गळ्यांचे थर रचून अख्खा चर्चचा वृंद उभा केलेला. माँट्रियलला थर नाहीत, टेप नाही. मे आणि टेलर मागून जेवढं जमेल तेवढं गातात आणि उरलेला वृंद फ्रेडी पियानोवर बसून एकट्याच्या गळ्यानं भरून काढतो, कुठं चाल वर नेऊन, कुठं स्वर ताणून, कुठं रेकॉर्डवर नसलेली जागा घेऊन. मी तरी याहून चांगलं रॉक गायन ऐकलेलं नाही.