बिब्ब्याची कैफियत

जमत आलेल्या सोयरिकीत अमक्याने बिब्बा घातला, एवढे म्हटले की मराठी माणसाला पुढचे सांगावे लागत नाही. परंतु ज्याच्या नावाने हा वाक्प्रचार रूढ झाला तो वृक्ष सह्याद्रीच्या पानगळीच्या रानात किंवा मेळघाटात प्रत्यक्ष ओळखून दाखवा म्हटले, तर हाच मनुष्य बहुधा गप्प बसेल. त्याच्या परिचयाचा बिब्बा म्हणजे शनिवारी दुकानाच्या दारावर लिंबू-मिरचीबरोबर तारेत ओवलेले ते काळे, चपटे, हृदयाच्या आकाराचे फळ. अशा अर्धवट ओळखीतून या वृक्षावर जे आरोप चिकटले आहेत त्यांपैकी काही निखालस खोटे आहेत, आणि त्याचे जे खरे अपराध आहेत त्यांविषयी लोक कमालीचे बेफिकीर आहेत.

आधी सावलीचा आरोप घेऊ. बिब्ब्याखाली नुसते उभे राहिले तरी तो अंगावर उततो, असे गुराख्यांच्या पोरांना बजावलेले असते. वस्तुतः दोष सावलीत नाही, चिकात आहे. आणि साल, फांदी किंवा फळ दुखावले म्हणजे तो चीक बाहेर येतो. म्हणूनच जाणते लाकूडतोडे हिरव्या झाडाला एकदम कुऱ्हाड लावीत नाहीत. बुंध्याची साल चौफेर खाचून ते झाड आधी उभ्या उभ्या वाळू देतात.

खरा घोळ फळाविषयी आहे. बाजारात ‘बिब्ब्याची फुले’ म्हणून जी सुकवलेली जिन्नस मिळते ती फुले नव्हेत. बिब्ब्याची फुले बारीक, हिरवट-पांढरी आणि घोसांनी येणारी असतात. ही जिन्नस म्हणजे फळाखालचा फुगलेला आणि पिकल्यावर नारिंगी होणारा देठ होय, काजूचे बोंड असते तसा. (काजू, आंबा आणि चारोळी ही बिब्ब्याच्याच कुळातली भावंडे, हे लक्षात ठेवले म्हणजे पुष्कळसा उलगडा होतो.) त्या देठाच्या टोकावर काळे फळ बसते, फळाच्या कवचातील पोकळ्यांत दाहक तेल भरलेले असते, आणि ते कवच फोडले म्हणजे आत निघते ती बाळंतिणीच्या लाडवात पडणारी पांढरी, निरुपद्रवी गोडंबी. इंच-दीड इंचाच्या अंतरात मेवा, विष आणि पुन्हा मेवा अशी ही मांडणी आहे, आणि सरसकट ‘बिब्बा विषारी’ किंवा सरसकट ‘बिब्बा औषधी’ म्हणणारे दोघेही ती मांडणी विसरतात.

ते तेल तेजाबासारखे लागताक्षणी जाळते, ही समजूतही पुरती खरी नाही. पंधरा कार्बन अणूंची लांब शेपटी असलेली जी द्रव्ये या तेलात असतात, त्यांच्याविरुद्ध शरीराची संरक्षक यंत्रणाच बंड करून उठते, आणि हे बंड कित्येकदा एक-दोन दिवसांनी प्रकट होते. आमची आजी दाभणाच्या टोकाला बिब्बा टोचून समईच्या ज्योतीवर धरीत असे, आणि तो चरचरून तेल पाझरू लागले की टाचेच्या भेगेवर मोजून एक थेंब सोडीत असे. ‘मला नाही हो कधी उतला,’ हे तिचे पालुपद. साठी उलटल्यावर एका हिवाळ्यात तिचे मनगट फोडांनी भरले, पापण्या सुजून डोळे मिटले. पण बिब्बा परवाचा आणि फोड आजचे, तेव्हा तिने सारा दोष आदल्या रात्रीच्या वांग्यावर ठेवला. आजवर बाधला नाही म्हणून उद्या बाधणार नाही, असा करार बिब्बा कोणाशीही करीत नाही.

परीट कपड्यांवर खुणा घालीत त्या याच तेलाच्या. चुन्याच्या संयोगाने ती खूण काळी व पक्की होते आणि कितीही आपटली तरी जात नाही. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर नेमके गळपट्टीवरील खुणेच्या जागी चट्टे उठू लागले, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी १९४३ साली त्याचा छडा परटाच्या शाईपर्यंत लावला. जांघेतल्या गजकर्णाला गोऱ्या साहेबाने परटाच्या नावाची खाज म्हटले, तिचा मात्र बिब्ब्याशी काडीचा संबंध नाही. ती बुरशीची करणी.

फौजदारी कचेरीतही बिब्ब्याने साक्ष दिलेली आहे. खोटी फिर्याद गुदरणारे अंगावर हे तेल लावून मारहाणीचे वळ उठवीत, आणि न्यायवैद्यकाचे ग्रंथ त्याची शहानिशा कशी करावी हे तपशिलाने सांगतात: खऱ्या माराचा वळ कातडीखाली रक्त साकळून होतो आणि दिवसागणिक निळा, हिरवा, पिवळा असा रंग पालटतो, बिब्ब्याचा डाग गडद तपकिरी, ठळक कडांचा, भोवती पुरळ असलेला असतो, आणि खाजवणाऱ्या फिर्यादीची बोटेच पुष्कळदा त्याच्याविरुद्ध मुद्देमाल ठरतात.

‘झाडपाल्याचे औषध, त्याने काय अपाय होणार?’ या भाबडेपणाला तर आयुर्वेदाचाही आधार नाही. संस्कृतात भल्लातकाचे एक नाव अरुष्कर, म्हणजे व्रण करणारा, असे आहे. चरकाने त्याला रसायनात मानाचे स्थान दिले हे खरे. परंतु फळे यवाच्या किंवा उडदाच्या राशीत चार महिने ठेवावीत, थंडीच्या महिन्यांतच घ्यावीत आणि घेण्यापूर्वी तोंडाला आतून तूप माखावे, एवढा बंदोबस्तही सांगितला. १९४५ च्या औषध नियमांतही भल्लातक विषारी द्रव्यांच्या यादीत आहे. ऐकीव माहितीवर दुधात बिब्बा टिपणारे यांतले काहीच पाळीत नाहीत.

राहिली गोडंबी. ती एवढी महाग का, असे मी एकदा मराठवाड्यातील एका गावी बिबे फोडीत बसलेल्या बाईला विचारले. तिने उत्तरादाखल दगडावर एक फळ उभे धरले, वरून दगडाचाच बेताचा टोला हाणला, आणि कवचातून गर अख्खा काढून राखेत टाकला. तिच्या बोटांची पेरे काळी ठिक्कर पडली होती आणि अंगठ्याची कातडी सोलून निघाली होती. आता सवयीने उतत नसेल, असे मी म्हणालो.

‘उततो की,’ ती म्हणाली, ‘पर रोजच्याला कोन मोजतंय?’