डोळे दुखत नाहीत, तरी दाखवा

रात्रीच्या साक्षरता वर्गात एक गोष्ट नेहमी पाहायला मिळते. पंचविशीतली सून महिनाभरात पाटीवर आपले नाव लिहू लागते. पंचेचाळिशीची सासू मात्र पुस्तक हातात धरते, लांब नेते, जवळ आणते आणि खाली ठेवते. म्हणते, "आता या वयात कुठलं डोक्यात शिरायला!" पुष्कळदा दोष डोक्याचा नसतो. अक्षर डोळ्यालाच नीट दिसत नाही, मग ते डोक्यापर्यंत जाणार कसे? हीच बाई तांदूळ निवडताना खडा सोडते. सुईत दोरा ओवायला नातवाला हाक मारते. लांबून येणारी एस.टी. मात्र तिला सगळ्यांच्या आधी दिसते.

याला आपण चाळिशी म्हणतो. नाव अगदी बरोबर आहे. डोळ्याच्या बाहुलीमागे एक भिंग असते. लहानपणी ते मऊ असते. जवळचे पाहताना ते फुगते, लांबचे पाहताना चपटे होते. वय वाढते तसे ते कडक होत जाते. चाळीस वर्षांच्या सुमारास ते पुरेसे फुगेनासे होते आणि जवळचे पुसट दिसू लागते. हा काही रोग नव्हे. केस पिकतात तसेच हे. साधा चष्मा लावला की अक्षर स्वच्छ दिसते. कोणी म्हणतात, "चष्मा लावला की नंबर वाढतो." तसे नाही. नंबर वाढतो तो वयामुळे, चष्म्यामुळे नाही.

आठवड्याच्या बाजारात तयार चष्मे मिळतात. त्यांनी डोळे बिघडत नाहीत. नड भागते. पण तो विकणारा काही तुमच्या डोळ्यात डोकावत नाही. आणि चाळिशीच्या वयातच एक दुसरा चोर घरात शिरू शकतो. त्याचे नाव काचबिंदू.

डोळ्याच्या आत थोडे पाणी सारखे तयार होत असते आणि बारीक वाटेने बाहेर जात असते. हे पाणी अश्रूंचे नव्हे बरे का, ते आतले. ही वाट तुंबली की शेतातल्या चारीसारखे होते. पाणी मागे साठते, दाब वाढतो. डोळ्याकडून मेंदूकडे जी शीर जाते ती या दाबाने हळूहळू मरते. बहुतेकांचे डोळे यात दुखत नाहीत. लालही होत नाहीत. समोरचे छान दिसत असते. आधी जाते ती बाजूची नजर. टांग्याच्या घोड्याला झापडे लावतात ना, तसे होते. माणूस दाराच्या चौकटीला खांदा घासतो आणि म्हणतो, "आज लक्ष नव्हतं." असे दोनचार वर्षे चालते. कळते तेव्हा पुष्कळ नजर गेलेली असते. गेलेली नजर कोणत्याही औषधाने परत येत नाही. पण वेळेत सापडले तर रोज थेंब घालून, कधी शस्त्रक्रिया करून, उरलेली नजर टिकवता येते. हा आजार घराण्यात चालतो. म्हणून एका भावाला निघाला तर बाकीच्या भावंडांनी आणि मुलांनीही तपासून घ्यावे.

मोतीबिंदू वेगळा. त्यात डोळ्यातले भिंगच गढूळ होते. धुके पडल्यासारखे दिसते, दिव्याभोवती कडी दिसतात. पण नावे सारखी, त्यामुळे मोठा घोटाळा होतो. म्हातारा घरी बसून राहतो. "मोतीबिंदू आहे, पिकू द्या, मग काढू." आणि असतो काचबिंदू! पिकायची वाट पाहता पाहता डोळा जातो. दोहोंतला कोणता, हे घरबसल्या सांगता येत नाही. ते तपासल्यावरच कळते.

आता मोतीबिंदूही पिकू द्यावा लागत नाही. कामात अडचण येऊ लागली की काढतात. उलट फार पिकला तर डोळ्यात दाब वाढू शकतो. पूर्वी गढूळ भिंग काढले की जागा रिकामी राही. मग जाड काचेचा चष्मा लावावा लागे. १९४९ साली लंडनमध्ये हॅरोल्ड रिडली नावाच्या डॉक्टरांनी त्या जागी पहिल्यांदा कृत्रिम भिंग बसवले. युद्धात काही वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या खिडकीचे तुकडे घुसले होते. काचेसारख्या त्या प्लॅस्टिकचा डोळ्याला फारसा त्रास होत नाही, हे त्यांनी पाहिले होते. आज गावोगावच्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत असे भिंग आहे. आपल्या सरकारने अंधत्व रोखण्याचा कार्यक्रम १९७६ साली सुरू केला. त्यात सरकारी दवाखान्यात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया फुकट होते.

म्हाताऱ्यांचे झाले. पण घाई करायची ती पोरांची.

काही मुलांच्या एका डोळ्याला मोठा नंबर असतो, किंवा एक डोळा तिरळा असतो. मूल तक्रार करीत नाही. त्याला वाटते, सगळ्यांना असेच दिसते. दोन बैलांपैकी एक अंग चोरू लागला की दुसऱ्यावर सगळा भार पडतो. तसा मेंदू चांगल्या डोळ्यावर काम भागवतो आणि अधू डोळ्याकडे पाहतच नाही. मग तो डोळा कायमचा आळशी होतो. उपाय सोपा आहे. चष्मा देतात. चांगला डोळा रोज काही तास झाकून ठेवतात, म्हणजे चुकार डोळ्याला जूं घ्यावेच लागते. सात वर्षांच्या आत हे केले तर चांगले साधते. पुढे कठीण जाते. काही लोक तिरळेपणाला भाग्याचे लक्षण मानतात. मानोत. पण त्या पायी मुलाचा डोळा घालवू नये. म्हणून शाळेत घालण्यापूर्वी एकदा आणि पुढे दरवर्षी मुलाचे डोळे दाखवावेत. तान्ह्या मुलाच्या बाहुलीत पांढरे चमकताना दिसले तर मात्र एक दिवसही थांबू नये.

ज्यांना मधुमेह आहे त्यांनी दरवर्षी डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा, मग कितीही स्वच्छ दिसो. साखरेने पडद्यावरच्या बारीक शिरा फुटतात. बाकीच्यांनी चाळिशीनंतर साधारण दर दोन वर्षांनी आणि साठीनंतर दरवर्षी जावे.

तपासणीत काय करतात? वीस फुटांवर एक तक्ता टांगतात. अक्षरओळख नसलेल्यांसाठी त्यावर तीन दात्यांच्या दाताळ्यासारख्या खुणा असतात. दाते कोणत्या बाजूला आहेत ते बोटाने दाखवायचे. दोन्ही डोळे वेगवेगळे तपासतात. मग यंत्राने डोळ्यातला दाब मोजतात. त्याला काही दुखत नाही. आपल्या भागात हे कुठे आणि कोणत्या दिवशी होते, ते आशाताईंना विचारावे.

जाताना काजळ घालू नये. जुना चष्मा आणि चालू औषधे बरोबर न्यावीत. पडदा पाहायचा असेल तर बाहुली मोठी होण्यासाठी थेंब घालतात. त्यानंतर काही तास जवळचे पुसट दिसते आणि ऊन सोसत नाही. तेव्हा मोटारसायकल स्वतः चालवत जाऊ नये, कोणाला तरी सोबत घ्यावे. आणि त्या दिवशीचे सुईदोऱ्याचे काम दुसऱ्या दिवसावर टाकावे.