दयेच्या अर्जाचे शुल्क

दयेच्या अर्जाचे शुल्क म्हणजे गुन्ह्याबद्दल शिक्षा झालेल्या व्यक्तीच्या क्षमेच्या अर्जाची छाननी करण्यासाठी शासनाने आकारलेली रक्कम होय. भारतात दयेच्या अर्जासाठी असे शुल्क घेतले जात नाही. कॅनडात ते घेतले जाते आणि २०१० नंतर तेथे त्यात मोठी वाढ झाली.

भारतातील तरतुदी

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ७२ नुसार राष्ट्रपतींना आणि अनुच्छेद १६१ नुसार राज्यपालांना शिक्षा माफ, तहकूब किंवा सौम्य करण्याचा अधिकार आहे. हा अधिकार मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वापरला जातो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७२ नुसार फाशीची शिक्षा झालेला कैदी किंवा त्याचे नातेवाईक ३० दिवसांच्या मुदतीत दयेचा अर्ज करू शकतात. कैद्याच्या अर्जावर शुल्क नसावे हे तत्त्व जुने असून १८७० च्या न्यायालय शुल्क अधिनियमाच्या कलम १९ मध्येही ते आढळते.

मुक्ताईनगरशी संबंध

जळगाव जिल्ह्यातील मुक्ताईनगरचे पूर्वीचे नाव एदलाबाद. या मतदारसंघातून १९६७ ते १९८५ या काळात विधानसभेवर निवडून गेलेल्या प्रतिभा पाटील पुढे राष्ट्रपती झाल्या (२००७–२०१२). त्यांच्या कार्यकाळात ३० हून अधिक कैद्यांची फाशी जन्मठेपेत बदलली गेली. काही अर्ज फेटाळलेही गेले. या निर्णयांवर देशभर चर्चा झाली.

विलंब

भारतात अर्जदाराला पैसे द्यावे लागत नसले, तरी निकालासाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २१ जानेवारी २०१४ रोजी शत्रुघ्न चौहान खटल्यात असा अवाजवी विलंब हे फाशी रद्द करून जन्मठेप देण्याचे कारण ठरू शकते, असा निर्णय दिला. कोल्हापूरच्या बालहत्या प्रकरणातील दोन बहिणींची फाशी मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२२ रोजी याच कारणाने जन्मठेपेत बदलली.

कॅनडातील शुल्कवाढ

कॅनडात शिक्षा भोगून झालेली व्यक्ती आपली गुन्हेविषयक नोंद वेगळी ठेवली जावी यासाठी पॅरोल मंडळाकडे अर्ज करते. ही व्यवस्था भारतातील दयेच्या अर्जाहून भिन्न आहे. तिचे शुल्क डिसेंबर २०१० मध्ये ५० डॉलरवरून १५० डॉलर आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये ६३१ डॉलर करण्यात आले. छाननीचा खर्च करदात्यांऐवजी अर्जदाराने सोसावा, ही त्यामागील भूमिका होती. नोंदीमुळे नोकरी मिळत नाही आणि नोकरीअभावी शुल्क भरता येत नाही, असा टीकाकारांचा आक्षेप होता. १ जानेवारी २०२२ पासून शुल्क पुन्हा ५० डॉलर करण्यात आले.

शुल्काचे महत्त्व

क्षमा हा शासनाचा स्वेच्छाधिकार असल्याने अर्ज मंजूर होईलच याची हमी नसते. शुल्क मात्र निकालापूर्वीच भरावे लागते. त्यामुळे शुल्क जास्त असल्यास गरीब व्यक्तीची बाजू तपासली जाण्याआधीच तिचा मार्ग बंद होऊ शकतो.