एकदा सुटलेला पेच

एकाच आज्ञावलीवर अनेकजण काम करतात तेव्हा प्रत्येकजण आपली शाखा काढून तीत बदल करतो आणि मागाहून या शाखा एकत्र केल्या जातात. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी लिहिलेली गिट ही प्रणाली हे काम बहुधा आपणहून करते. मग अडते कुठे? समजा, मूळ ओळ ‘मर्यादा = ४०’ आहे. एका शाखेत ती ‘मर्यादा = ४५’ झाली, दुसरीत नाव बदलून ‘कमाल = ४०’. आपल्याला दोन्ही बदल हवे आहेत, पण ते यंत्राला कसे कळावे? ते दोन्ही पाठ खुणा करून समोर ठेवते आणि आपण हाताने ‘कमाल = ४५’ लिहितो.

काम लांबले तर शाखा अधूनमधून जोडून, तपासून, ती जोडणी मोडावी लागते. पुढच्या वेळी तोच पेच पुन्हा उभा! पाचव्यांदा तो सोडवताना कंटाळलेला माणूस हमखास चुकतो.

म्हणून २००६ मध्ये गिटमध्ये ‘रेरेरे’ ही सोय आली. (रीयूज, रेकॉर्डेड, रेझोल्यूशन या शब्दांची पहिली दोन-दोन रोमन अक्षरे जोडून हे गमतीदार नाव झाले.) ती चालू केली की पेच पडतानाचा आणि सुटल्यानंतरचा असे फाइलीचे दोन्ही पाठ जपून ठेवले जातात. पण तोच पेच पुन्हा आला हे ओळखायचे कसे? ओळीचा क्रमांक उपयोगाचा नाही, वर चार ओळी वाढल्या की तो बदलतो. म्हणून फक्त वादग्रस्त मजकुरावरून, दोन्ही बाजू ठरावीक क्रमाने मांडून, एक सांकेतिक ठसा काढतात. त्यामुळे पहिली शाखा दुसरीत मिळवा किंवा उलट करा, ठसा तोच येतो. ठसा जुळला की जुन्या दोन पाठांतला फरक आजच्या फाइलीवर चढवला जातो.

लक्षात राहतो तो मजकूर, अर्थ नव्हे. आपण घाईत ‘कमाल = ४०’ लिहून ठेवले, तर ४५ चा बदल दर वेळी गुपचूप हरवेल. गिट एरवी असे उत्तर फाइलीत भरते, पण ती फाइल नोंदणीसाठी स्वतः पुढे करत नाही. ती पाहून पुढे करणे आपल्याकडे राहते, आणि ही तपासणी टाळू नये असे आम्हाला वाटते. चुकीचे उत्तर ‘फरगेट’ या आज्ञेने पुसता येते. सुटलेल्या पेचांच्या नोंदी एरवी ६० दिवसांनी आणि न सुटलेल्यांच्या १५ दिवसांनी सफाईत जातात. या नोंदी राहतात आपल्याच संगणकावर. शेजारच्या सहकाऱ्याला तोच पेच स्वतः सोडवावा लागतो.