कुंडीतला वाळा

सकाळी साडेसहा. रात्रभर कोसळलाय. सोलापूर रस्त्यालगतच्या आमच्या नर्सरीत मोगऱ्याच्या पिशव्या पाण्यात बुडाल्यात. त्या उचलून बांधावर मांडायला घेतल्या.

आठ. मावशी ओरडल्या, "दादा, गांडूळ बघा कसं पळतंय!" गांडूळ पळत नाही, म्हणून खुरपं टाकून गेलो. वीतभरही नाही, काळसर, चकचकीत. भिंग धरलं. अंगाला वळी नाहीत, खवले आहेत. इवलीशी जीभ आत-बाहेर होतेय. डोळे म्हणजे खवल्याखाली दडलेले दोन ठिपके. उजेड-अंधार कळला तरी पुष्कळ. शेपटीच्या टोकाला बारीक काटा. तो तळहाताला रुतला की लोक 'चावला, चावला' करतात. विष नाहीच, आणि तोंडात मावतात ती मुंग्या-वाळवीची अंडी आणि अळ्या.

हा वाळा साप. आमच्याकडे वाळा मागाल तर गवत मिळेल; हा न मागता येतो.

साडेदहा. लाल माती आणि शेणखत चाळणं. चाळणीवर आणखी एक. हीसुद्धा मादीच असणार, कारण या जातीत नर सापडतच नाहीत. एकटी अंडी घालते, पोरीही तशाच. एक पोचली की वसाहत झाली.

एक ते दोन. भाकरी, डुलकी.

तीन. कुंड्या भरताना मावशींना सांगत बसलो. वाळ्याची इंडोटिफ्लॉप्स ही प्रजाती 2014 मध्ये वेगळी केली; जाती वीसहून जास्त. बहुतेक घरकोंबड्या. एक्झिग्यूअस बेळगावची, फ्लेचरी निलगिरीची, लंकाएन्सिस श्रीलंकेची, जेर्डोनी पूर्व हिमालयाकडची. ही ब्रॅमिनस मात्र भटकी. 1803 मध्ये तिला नाव मिळालं ते विशाखापट्टणमच्या सापावरून. आज ती आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, हवाई बेटं, सगळीकडे आहे. मावशींनी विचारलं, "गेली कशी?" मी हातातली कुंडी दाखवली.

सहा. मुंबईचा टेम्पो लागला. ऐंशी कुंड्या. परदेशी जाणाऱ्या रोपांची मुळं धुतात. बाल्कनीत जाणाऱ्या जास्वंदीची कोण धुणार? सकाळच्या दोघी मी खताच्या ढिगात सोडल्यात, पण या ऐंशींत किती बसल्यात, ते चलनावर लिहायची सोय नाही.

तुमच्या कुंडीतून पावसाळ्यात असलं काही वर आलं, तर मीठ टाकू नका. जीभ दिसते का बघा, आणि परत मातीत सोडा.