देज आणि हुंडा : खानदेशातील दोन नीतिकल्पना

विवाहाच्या देण्याघेण्याविषयी सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा, यावल, शिरपूर या तालुक्यांत, दोन परस्परविरुद्ध समजुती शेजारीशेजारी नांदतात. भिल्ल व पावरा समाजात वराकडील मंडळी वधूच्या पित्याला ‘देज’ देतात आणि त्याची रक्कम पंचांसमोर ठरते. तापीकाठच्या गावांत व शहरांत मात्र अनेक ठिकाणी, कायद्याने बंदी असूनही, वधूपिता हुंडा देतो. हुंडा देणारे-घेणारे म्हणतात, “आदिवासी मुली विकतात.” आदिवासी पित्याला उलट प्रश्न पडतो : मुलगी द्यायची आणि वर पैसेही मोजायचे, म्हणजे मुलीत काही उणे आहे काय?

दोघेही प्रामाणिक आहेत, हे प्रथम मान्य करावयास हवे. आदिवासी घरात मुलगी शेतात व रानात राबते. ती सासरी गेली की घरातील एक कर्ते माणूस जाते आणि देज ही त्याची भरपाई व कदरही असते. देज देणे शक्य नसेल, तर वराने काही वर्षे घरजावई म्हणून सासऱ्याकडे काम करावे, अशीही रीत आहे. याकोबाने राहेलसाठी लाबानाची सात वर्षे सेवा केली आणि फसवणूक झाल्यावर आणखी सात वर्षे करण्याचे कबूल केले (उत्पत्ती २९), ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. याकोबाने राहेलला विकत घेतले, असे मात्र आपणांस कधी वाटले नाही!

हुंड्यामागेही एक विचार होता. मुलीला वडिलोपार्जित जमिनीत वाटा नव्हता, म्हणून लग्नात काही द्यावे, असे समर्थन केले जाई. हिंदू कुटुंबांतील मुलींना तो हक्क महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली मिळाला. हुंडा मात्र थांबला नाही, आणि तो मुलीच्या हाती तर क्वचितच राहतो.

मग ज्याची-त्याची रीत म्हणून सोडून द्यावे काय? तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी या प्रश्नाचा विचार केला. नैसर्गिक नियमाची मूळ तत्त्वे सर्व मानवांना सारखीच असतात, परंतु तपशिलात उतरताना निष्कर्ष वेगळे होतात आणि वाईट रूढीमुळे विवेक झाकोळूही शकतो, असे त्यांनी मांडले. प्राचीन जर्मन लोकांना लूटमार गैर वाटत नसे, हे उदाहरणही त्यांनी दिले.

ही कसोटी येथे लावून पाहू. मुलीचा मान राखावा, हे तत्त्व दोन्ही समाज उच्चारतात. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या जळगाव जिल्ह्यात ८५० पेक्षाही कमी होती. आदिवासीबहुल नंदुरबारमध्ये ती ९३० हून अधिक होती. याला केवळ हुंडाच कारण असे म्हणता येणार नाही. तरीही मुलीचा जन्म कोठे ओझे वाटतो, याचा अंदाज येतो.

देजही निर्दोष नाही. रक्कम वाढली की वराचे कुटुंब कर्जात बुडते. पत्नीला नांदणे अशक्य झाले, तर देज परत करण्याचा प्रश्न उभा राहतो, आणि मग माहेरच तिला “सहन कर” म्हणू लागते. एकाच पाड्यावर एक पिता नाममात्र देज घेतो, दुसरा अडून बसतो. नोकरी लागलेली काही आदिवासी कुटुंबे तर आता प्रतिष्ठेसाठी हुंड्याकडे वळू लागली आहेत, ही त्याहून खेदाची गोष्ट. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याच्या व्याख्येत विवाहातील एका पक्षाने दुसऱ्या पक्षास दिलेली मालमत्ता असे म्हटले आहे. कोणी कोणास, हे तीत बांधलेले नाही.

ख्रिस्तसभेच्या नियमानुसार विवाह घडतो तो वधूवरांच्या मुक्त संमतीने. विवाहपूर्व चौकशीत धर्मगुरू वधूला ‘तुझ्यावर दबाव आहे काय?’ असे विचारतात. देज स्वीकारून झालेली असते किंवा हुंड्याचा पहिला हप्ता पोहोचलेला असतो, तेव्हा वधूला ‘नाही’ म्हणणे किती कठीण असते, हे दोन्हीकडच्या मुली सांगू शकतील. त्यामुळे ही चौकशी रक्कम ठरण्यापूर्वी, साखरपुड्याच्याही आधी व्हावी, असे आम्हांस वाटते.