गाडीतला जुना टेप आणि बाबांचे कान

आमच्या घरची मारुती झेन १९९८ सालची. माझ्यापेक्षा एका वर्षाने मोठी. बाबांनी ती घेतली तेव्हा तिच्यात गाणी ऐकायची सोय नव्हती. डॅशबोर्डमध्ये जागा तेवढी होती, वर प्लास्टिकचं झाकण. बाबांनी शोरूममध्येच कॅसेट-रेडिओ बसवून घेतला. दोन स्पीकर पुढे, दोन मागच्या फळीवर. आमच्या लेखी तोच ‘ओरिजिनल’.

सुट्टीत इंदूरहून नाशिकला आजोळी जायचं, तेव्हा कॅसेटचा क्रम ठरलेला असे. खलघाटला नर्मदा ओलांडेपर्यंत कुमार गंधर्व, सेंधव्यापर्यंत आईची भावगीतं, आणि बिजासनचा घाट उतरून शिरपूरकडे मराठी पाट्या दिसायला लागल्या की आम्हा मुलांची पाळी. कुमारजी बाबांचे. देवास आमच्यापासून चाळीस किलोमीटरही नाही, त्यामुळे ते जणू शेजारच्या गावातलेच वडीलधारे, अशा जिव्हाळ्याने बाबा त्यांच्याबद्दल बोलतात.

गेली तीन वर्षं मात्र टेप बंद होता. एकदा विचारलं तर बाबा म्हणाले, “कान गेले आता माझे. तंबोऱ्याची जवारीच ऐकू येत नाही. नुसतं गाणं ऐकून काय करू?” कानाच्या डॉक्टरांकडे चला म्हटलं की ते विषय बदलायचे.

यंदा त्यांच्या वाढदिवसाला गाडीत टच स्क्रीन बसवून द्यायची असं मी ठरवलं. दुकानात गेले. मुलाने गाडी बघितली आणि म्हणाला, “दीदी, डैशबोर्ड काटना पड़ेगा.” कारण साधं होतं. जुन्या गाड्यांमधला टेपचा खण १८० बाय ५० मिलिमीटरचा असतो, सिंगल डिन म्हणतात तो. बहुतेक मोठ्या स्क्रीनना दुप्पट उंचीचा, म्हणजे १८० बाय १०० चा खण लागतो. मी बाबांना फोन केला. ते एवढंच म्हणाले, “कापू नकोस. आणि गाडी चालवताना मी स्क्रीनकडे बघू की रस्त्याकडे? त्या बटणांवर माझा हात न बघता जातो.”

मग जुने रेडिओ-टेप दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे गेलो. त्यांनी आमच्यासमोरच टेप उघडला. आतला रबरी पट्टा सैल झाला होता, म्हणून गाणं रेंगाळायचं आणि सूर खाली सरकायचा. हेडवर तपकिरी थर साचला होता. कॅसेटच्या फितीवरची पूड वर्षानुवर्षं तिथे चिकटत जाते, आणि त्यामुळे आधी जातात ते वरचे, बारीक स्वर. जवारी तिथेच असते! पुढच्या एका स्पीकरच्या पडद्याची कडा उन्हाने वाळून फाटली होती.

बाबा वाकून बघत होते. “म्हणजे माझे कान नव्हते?” त्यांनी विचारलं. काका हसले. “पहले मशीन तो ठीक कर लें, साब.”

आणखी एक गोष्ट निघाली. पूर्वी कोणीतरी टेपचा प्लग कापून वायरी नुसत्याच पिळून, टेप गुंडाळून ठेवल्या होत्या. चावीवर चालणारी लाल वायर आणि बॅटरीला कायम जोडलेली पिवळी, दोन्ही एकत्रच. गाडी बंद असतानाही टेप थोडा थोडा करंट खात होता. गाडी चार दिवस उभी राहिली की बॅटरी उतरायची, आणि आम्ही दोष बॅटरीला द्यायचो. काकांनी वायरी वेगळ्या केल्या, नवा प्लग लावला, फ्यूज बसवला.

तुमच्याही घरी अशी गाडी असेल, तर आमच्या अनुभवातून सांगते. काहीही नवं घ्यायच्या आधी हेड आणि रबरी रोलर कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. पाच मिनिटांचं काम आहे. स्पीकर बदलायचे तर आधीच्याच मापाचे घ्या, आणि टेपवर लिहिलेल्या ओहमपेक्षा कमी ओहमचे घेऊ नका, नाहीतर ॲम्प्लिफायर तापतो. बहुतेक जुन्या गाड्यांत ४ ओहमचे असतात. नवा सेट बसवलाच, तर गाडीची वायर कापू देऊ नका. जोडणीचा तयार प्लग मिळतो. जुना सेट डब्यात जपून ठेवा.

फोनवरची गाणी हवी असतील तर कॅसेटच्या आकाराचा ॲडॉप्टर हा सोपा उपाय. त्यातलं छोटं हेड टेपच्या हेडला टेकतं आणि फोनवरचं गाणं गाडीत वाजतं. एफएम ट्रान्समीटरही चालतो, पण शहरात मोकळी फ्रिक्वेन्सी सापडणं कठीण, खरखर होते. मी ॲडॉप्टर घेतला. बाबांचं कुमारजींचं कॅसेट, माझा फोन, दोन्ही एकाच खणातून.

कॅसेटं मात्र मे महिन्यात गाडीत ठेवू नका, उन्हाने वाकतात. घरच्या डेकवरून ती कॉम्प्युटरवर उतरवून घेतलेली बरी. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटंच लागतात, त्याला घाई चालत नाही. आमच्याकडे हे काम रविवारी दुपारी चालतं. आई ऐकत भाजी निवडते.

टेप परत बसवला त्या संध्याकाळी आम्ही देवासच्या रस्त्याला लागलो. बाबांनी न बघता कॅसेट आत ढकललं. तंबोरे सुरू झाले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आली. पण पुसट आहे अजून.” आणि ट्रेबलचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. माझ्या कानात टोचलं, मी नकळत डोकं मागे घेतलं. त्यांनी ते पाहिलं.

“तुला जास्त होतंय?”

“हो, बाबा.”

मांगलिया मागे पडेपर्यंत ते गप्प होते. मग म्हणाले, “मशीन आता चांगलं आहे. म्हणजे उरलेला दोष माझाच. घे उद्याची वेळ.”

तपासणीत कळलं, वयाबरोबर आधी वरचे स्वर जातात, तसंच बाबांचं झालं होतं. श्रवणयंत्र लागलं. तीन वर्षं सगळा दोष त्यांनी स्वतःवर घेतला होता, म्हणून डॉक्टरांकडे जायची भीती वाटत होती. टेपचा वाटा वेगळा निघाल्यावर त्यांचा वाटा तेवढा मोठा राहिला नाही.

डॅशबोर्ड आहे तसाच आहे. ट्रेबलचं बटण हल्ली मध्याच्या जरा पुढे असतं.